दुष्काळाची नोंद आणि गावकुसाबाहेरचा माणूस

महाराष्ट्रात दुष्काळाचा विषय निघाला की दामाजीपंतांची कथा सांगितली जाते. मंगळवेढ्याला भीषण दुष्काळ पडला. दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. बिदरच्या बादशहाने जाब विचारला, तेव्हा प्रत्यक्ष विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेतले, बिदरला जाऊन धान्याची किंमत भरली आणि पावती घेतली. कीर्तनातून ही कथा ऐकताना पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे डोळे पाणावले आहेत. पण आपण ती जरा वेगळ्या कानांनी ऐकली पाहिजे. या कथेत महार आहे, मात्र तो देवाने पांघरलेला वेष म्हणून आहे. त्याच्या हातात पावती आहे, पण ती दुसऱ्याच्या नावाची. त्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या महारवाड्यात किती चुली विझल्या, किती माणसे देशोधडीला लागली, याविषयी कथा एक अक्षर बोलत नाही. चोखामेळ्याचे कुटुंब ज्या गावात राहिले आणि ज्या गावाच्या कुसूचे काम करताना ते कोसळून चोखामेळा गाडला गेला, त्याच गावाची ही कथा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे हे मौन अधिकच बोचू लागते.

प्रश्न केवळ एका आख्यायिकेचा नाही. दुष्काळ, अतिवृष्टी, महापूर, गारपीट ही अस्मानी संकटे आहेत आणि ती सर्वांवर सारखीच कोसळतात, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. आभाळ जात पाहून फाटत नाही, हे खरे आहे. परंतु आभाळ फाटल्यावर कोणाचे किती नुकसान झाले, हे माणूस लिहितो. आणि लिहिणारा माणूस जातिव्यवस्थेच्या बाहेरचा नसतो. त्याच्या हातातल्या कागदावर कोणते रकाने आखायचे, हे आधीच ठरलेले असते. ज्याला रकाना नाही त्याचे नुकसान नाही, आणि ज्याचे नुकसान नाही तो इतिहासातही नाही. प्रस्तुत लेखात या रकान्यांचा इतिहास पाहावयाचा आहे.

१

प्रथम जुन्या गावगाड्यातला दुष्काळ पाहू. कुणब्याच्या खळ्यावर रास पडली की बलुतेदारांचा वाटा निघे. महाराचे जगणे या खळ्यावरच्या बलुत्यावर, दारोदारच्या भाकरीवर आणि वतनाच्या तुटपुंज्या जमिनीवर होते. येसकरकी, तराळकी, गावची राखण, सांगावे पोचवणे, हद्दीच्या खुणा दाखवणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे बारमाही होती. मोबदला मात्र रास पडली तरच. म्हणजे पाऊस गेला की कुणब्याचे पीक बुडे आणि महाराचे बलुते बुडे. फरक असा की कुणब्याजवळ पेवात गेल्या वर्षीचे चार दाणे असण्याचा संभव होता. रोजची भाकरी मागून आणणाऱ्याजवळ पेव कोठून असणार? खळे रिकामे राहिले तरी त्याची कामे थांबत नसत. उलट दावणीची गुरे पटापट मरू लागत आणि ती ओढून नेण्याचे काम वाढे. गावाने ज्या मांसावरून त्याला हिणवले, ते मांस दुष्काळात त्याच्या पोटात का गेले, याचा विचार गावाने कधी केला नाही.

थोडक्यात, दुष्काळ गावात वेशीतून शिरत असला तरी पहिला मुक्काम गावकुसाबाहेर करत असे. पण सरकारदरबारी नोंद व्हायची ती साऱ्याची. सारा किती बुडाला आणि किती माफ करायचा, एवढाच दुष्काळाचा हिशेब होता. बलुत्याचा सारा नव्हता, म्हणून बुडालेल्या बलुत्याची तहकुबीही नव्हती.

२

इंग्रजी अमदानीत नोंदीचे शास्त्र आले. १८७५ साली हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना झाली आणि लगेच पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. १८७६ ते १८७८ या काळात मुंबई व मद्रास इलाखे, म्हैसूर आणि निजामाचे राज्य दुष्काळाने होरपळून निघाले. पुढे नेमलेल्या दुष्काळ आयोगाच्या अंदाजानुसार एकट्या ब्रिटिश मुलखात सुमारे ५२ लाख माणसे जास्तीची मेली. याच काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुरासाठी दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा असा दर सुचवला. एवढ्या दाण्यावर दिवसभर खडी फोडणारा माणूस जगतो का, याचा प्रयोग जिवंत माणसांवर झाला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर हा दर नाकारून कामे सोडून निघाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली, जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाची हकिगत जमवली आणि सरकारपुढे ठेवली. हे श्रेय सभेला दिलेच पाहिजे. परंतु सभेची दृष्टी मुख्यतः जमीनधारक रयतेच्या आणि सारामाफीच्या बाजूने वळलेली होती, हेही तितकेच खरे.

त्याच दुष्काळाची आणखी एक नोंद आपल्याजवळ आहे, आणि ती एका स्त्रीच्या हातची आहे. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुल्यांनी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात चाऱ्यावाचून मरणारी जनावरे आहेत, गाव सोडून निघालेली माणसे आहेत, अडलेल्यांना नाडणारे सावकार आहेत आणि अन्न पुरवण्यासाठी झटणारे सत्यशोधक कार्यकर्ते आहेत. कलेक्टरच्या अहवालात पाऊस किती इंच पडला आणि पीक किती आणे आले हे सापडते. सावित्रीबाईंच्या पत्रात कोण कोणाला लुटतो आहे हे सापडते. दोन्ही नोंदी एकाच दुष्काळाच्या. पहिलीला शास्त्र म्हटले गेले, दुसरीला घरगुती पत्र. वास्तविक विश्लेषण दुसरीत आहे. जोतीरावांनी व सत्यशोधकांनी धनकवडीला दुष्काळपीडित मुलांसाठी बालाश्रम चालवला, आणि पुढे १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाणी व माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालण्याचा विचार मांडला. म्हणजे नोंद, मदत आणि उपाय या तिन्ही गोष्टी एकाच घरातून आल्या. आपल्या परंपरेतला दुष्काळाच्या अभ्यासाचा प्रारंभ येथे आहे, आणि तो आपण अभिमानाने सांगितला पाहिजे.

१८८० साली रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा अहवाल आला. त्यात एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे. पाऊस गेला की प्रथम शेतातले काम थांबते, आणि मजुरीवर जगणारा वर्ग सर्वांआधी उघड्यावर पडतो. म्हणजे १८८० सालीच राज्यकर्त्यांना हे कळलेले होते! त्यानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. पण दुष्काळ मोजण्याचे जे माप चालू राहिले ते मजुरीचे नव्हते. ते पिकाचे होते. त्याचे नाव आणेवारी.

३

आणेवारी म्हणजे काय? सोळा आणे हे पूर्ण पीक धरायचे आणि यंदाचे पीक त्याच्या किती आणे आले हे ठरवायचे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत पीक आले की गाव टंचाईग्रस्त, असा रिवाज पडला. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, शेवटी पीक कापणी प्रयोगावरून अंतिम. अंतिम पैसेवारी येईपर्यंत डिसेंबर उजाडतो. मजुराचा दुष्काळ मात्र श्रावणातच सुरू झालेला असतो, कारण खुरपणीच निघालेली नसते. दुष्काळ जाहीर होईपर्यंतचे चार महिने तो कोणत्या हिशेबात जगला, हे कोणतेही दप्तर सांगत नाही.

दुसरे असे की पैसेवारी ही गावाची सरासरी आहे. नदीकाठची काळी जमीन आणि माळावरची मुरमाड जमीन एकत्र मोजून जो आकडा येतो, तो संपूर्ण गावाचे भवितव्य ठरवतो. नदीकाठ कोणाचा आणि माळ कोणाचा, हे वाचकांना सांगायला नको. महार वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४–६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. तरीही आपल्या वाट्याला जे आले ते बहुधा गायरानाचे आणि पडिकाचे तुकडे. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या शेतात पीक उभे असते, पण सातबाऱ्यावर नाव नसते. ते पीक वाळले किंवा वाहून गेले तर निसर्गाच्या लेखी नुकसान होते; सरकारच्या लेखी तेथे पीकच नव्हते.

याचा अर्थ पैसेवारी काढणारा प्रत्येक कर्मचारी जातीयवादी असतो, असा नाही. तसे म्हणणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. प्रामाणिक माणसाने प्रामाणिकपणे भरलेला रकानासुद्धा अन्याय करू शकतो, कारण अन्याय रकान्याच्या आखणीत आहे. जातिव्यवस्थेने जमिनीची जी वाटणी केली, तिच्यावरच मोजणीची ही पद्धत उभी आहे. ज्याच्याकडून जमीन हिरावली त्याच्याकडून नुकसानीचा पुरावाही हिरावला गेला.

४

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका कार्याचे स्मरण केले पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे-वीज या विषयांची सूत्रे त्यांच्याकडे होती. १९४३ साली दामोदर नदीला विध्वंसक पूर आला. त्यातून दामोदर खोऱ्याची योजना आकारली. महानदीच्या पुरांसंबंधी १९४५ च्या नोव्हेंबरात कटकला झालेल्या परिषदेत बाबासाहेबांनी आधीच्या पूरसमित्यांच्या विचारपद्धतीवरच बोट ठेवले. या समित्यांनी जास्तीचे पाणी हे अरिष्ट मानले आणि ते समुद्राकडे कसे ढकलावे एवढाच विचार केला. बाबासाहेबांचे म्हणणे असे की पाणी हे अरिष्ट नसून संपत्ती आहे. माणसे पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाने अधिक भोगतात. म्हणून पाणी अडवून, साठवून ते शेती, वीज व वाहतूक यांसाठी वापरले पाहिजे.

ज्या पुरुषाने १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तोच १९४५ साली महानदीच्या पाण्याचा विचार करत होता. या दोन प्रसंगांत एक धागा आहे. पुराची नोंद करणाऱ्यांनी किती फूट पाणी चढले हे लिहिले होते. बाबासाहेबांनी विचारले, हे पाणी कोणाचे आणि कोणाच्या उपयोगाचे? प्रश्न बदलला की आकडेही वेगळे बोलू लागतात.

५

आता बाहत्तरचा दुष्काळ. आमच्या पिढीच्या कितीतरी माणसांचे वय या दुष्काळावरून मोजले जाते. ‘बाहत्तरच्या आधी जन्मला का मागनं?’ असे विचारून शाळामास्तरांनी आमच्या जन्मतारखा घातल्या. आईला साल सांगता येत नसे, पण त्या वर्षी कोणत्या तलावाच्या कामावर होती, मुकादम कोण होता, सुकडी कोणत्या पातेल्यातून वाढत आणि मिलोची तांबडी भाकर घशाखाली कशी उतरत नसे, हे ती तारखेसारखे सांगे.

१९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. एवढ्या मोठ्या दुष्काळात पूर्वीसारखे भूकबळींचे थैमान झाले नाही, याचे पुष्कळ कौतुक देशी-परदेशी अर्थशास्त्रज्ञांनी केले, आणि ते रास्त आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात मांडले की दुष्काळात माणसे मरतात ती धान्य नसते म्हणूनच असे नाही, तर धान्य मिळवण्याचा अधिकार हातून गेलेला असतो म्हणून. बाहत्तर साली मजुरीने तो अधिकार काही अंशी परत दिला. रोजगार हमीची योजना याच काळात रुजली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली देशाने केलेल्या कायद्याचे मूळ येथे आहे.

मला या साऱ्यात एक साधा कागद फार मोलाचा वाटतो. तो म्हणजे हजेरीपट. दुष्काळाच्या आजवरच्या दप्तरात जमिनीचा गट नंबर होता, पिकाचे नाव होते, खातेदाराचे नाव होते. हजेरीपटावर प्रथमच खडी फोडणाऱ्या बाईचे नाव आले. तिचे दिवस आले, तिची मजुरी आली, तिचा अंगठा आला. हजेरीपटात खोटी नावे होती, मापात मारामारी होती, मुकादमाचा हात होता, हे सर्व मान्य. तरीही मोजणी पिकाकडून माणसाकडे सरकली. १८८० च्या आयोगाला जे कळले होते ते कागदावर यायला नव्वद वर्षे लागली.

पण हजेरीपटालाही दिसले नाही असे पुष्कळ राहिले. कामावर सगळ्यांचे घाम एकत्र गळत होते, मात्र पाण्याचे हंडे वेगळे होते. गावची एक विहीर आटली की दुसऱ्या विहिरीवर जावे लागे, आणि तेथे जात आडवी येई. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात याच १९७२ साली पाण्याच्या कारणावरून दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली, तिच्यामागच्या संतापात या घटनेचा वाटा होता. आता विचारावेसे वाटते, ही घटना दुष्काळाच्या इतिहासात का येत नाही? ती अत्याचारांच्या इतिहासात येते. दुष्काळाच्या अहवालात विहिरींची पातळी येते, टँकरची संख्या येते. पाण्याची पातळी खाली गेली की अस्पृश्यता वर येते, हा दुष्काळाचा परिणाम नव्हे काय? तो मोजायचा कोणी?

६

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. आता उपग्रह आहेत. खरे आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमावलीनंतर दुष्काळ ठरवताना पावसाची तूट, वनस्पतींची स्थिती, मातीतला ओलावा, पेरणीचे क्षेत्र हे निकष आले. २०१८ च्या ऑक्टोबरात राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो याच पद्धतीने. महसूल मंडळांत दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. विज्ञानाची ही प्रगती आपण नाकारण्याचे कारण नाही. बाबासाहेबांचे अनुयायी विज्ञानाला घाबरत नाहीत. परंतु मापक कोठे उभा आहे हा प्रश्न विज्ञानानेही सुटत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या मापकात चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याच्या मापकात ७४ मिलिमीटर. एका शहराची दोन सत्ये. कुलाब्यावरून मुंबई मोजली असती तर मिठीकाठच्या झोपड्या बुडाल्याच नसत्या! तसेच गावाचे आहे. उपग्रहाला शिवारातला हिरवा रंग दिसतो. तो हिरवेपणा कोणाच्या बोअरवर जगला आहे, हे त्याला दिसत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. दुष्काळाच्या नावाने ओळखला जाणारा मुलूख पाण्याखाली गेला. आमच्या भागातल्या एका गावी पंचनामे चालू होते. भाऊसाहेब सातबारा पाहून क्षेत्र लिहीत होते. वस्तीतली एक म्हातारी बराच वेळ उभी होती. शेवटी म्हणाली, ‘भाऊसाहेब, सोयाबीनची काढणी गेली, कापसाची येचणी गेली. दिवाळीपस्तोर घरात रुपाया येत न्हाई. माझं गेलं ते कुठं लिव्हता?’ भाऊसाहेब भला माणूस होता. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ‘मावशी, तुमचं लिहायला जागाच नाही हो.’ १८८० च्या अहवालाला दीडशे वर्षे होत आली, आणि ही जागा अद्याप आखली गेलेली नाही.

७

मग करायचे काय? केवळ सरकारला दोष देऊन आपली जबाबदारी संपत नाही. आपल्या चळवळीनेही दुष्काळ-पुराकडे मोर्चाचा विषय म्हणून पाहिले, अभ्यासाचा म्हणून क्वचित. आपल्या आत्मकथनांनी हे काम पुष्कळ केले आहे. भूक, पाणी, खडी, स्थलांतर यांची जी नोंद दलित साहित्यात आहे ती कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाही. पण साहित्याची नोंद आणि इतिहासाची नोंद यांत फरक आहे. वाचकाच्या काळजाला भिडणारी आठवण सरकारी टेबलावर पुरावा ठरत नाही. तिला साल, महिना, ठिकाण, मजुरीचा दर यांची जोड द्यावी लागते.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक वस्तीत एक वही असावी. पाऊस कधी थांबला, मजुरी कधी थांबली, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहाव्यात. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटली आणि त्यानंतर पाणी कोठून व कोणत्या शब्दांत मिळाले ते लिहावे. टँकर कोणाच्या दारात थांबला, पंचनाम्यात कोणाची घरे आली, कोणाची राहिली, कोणते कुटुंब ऊसतोडीला वा शहराकडे गेले, कोणाच्या पोरीची शाळा सुटली, कोणाचे कर्ज कोणत्या व्याजाने वाढले, हे लिहावे. ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहावे, पाहिलेले ते पाहिलेले म्हणून. आपल्या बाजूचे आहे म्हणून वाढवून लिहू नये. खोट्या नोंदीने खऱ्या दुःखाचीही किंमत जाते. बाहत्तरच्या कामावर राबलेल्या बाया आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडून ते सारे पुढच्या उन्हाळ्याआधी लिहून घ्यावे. त्या गेल्या की ते दप्तर कायमचे बंद होईल.

विठू महाराने बिदरला नेलेली पावती दामाजीच्या नावाची होती. त्या कथेला आता पुष्कळ शतके झाली. पुढच्या दुष्काळाची किंवा पुराची पावती आपल्या नावाने लिहिली जायची असेल, तर लेखणी दुसऱ्याच्या हाती ठेवून चालणार नाही. आईच्या अंगठ्याचा ठसा ज्या हजेरीपटावर उमटला त्याच्या पुढचे पान आपल्याला भरायचे आहे, आणि आता आपल्याला सही करता येते.